पाणबुड्याच्या नळीतला ऑक्सिजन

कळमनुरी तालुक्यातल्या लोकांना खोल पाणी म्हटलं की इसापूर धरण आठवतं. अशा पाण्यात वीस मीटर खाली दाब जमिनीवरच्या तिप्पट असतो. टाकीतल्या हवेत सुमारे 79 टक्के नायट्रोजन. तो दाबाखाली रक्तात, चरबीत मुरतो. पाणबुड्या घाईने वर आला तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे त्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. सांधे ठणकतात, कधी पाय लुळे पडतात.

म्हणून वर येताना थांबे घ्यायचे. तिथे शुद्ध ऑक्सिजन ओढला, की फुप्फुसात नवा नायट्रोजन येतच नाही आणि अंगातला झपाट्याने बाहेर पडतो. बाहेरचा दाब मात्र तसाच राहतो, त्यामुळे बुडबुडे दबलेले राहतात. खरी खुबी इथेच.

पण हा ऑक्सिजन सहा मीटरपेक्षा खोल घेऊ नये. झटके येतात, आणि पाण्यात झटका म्हणजे बहुधा मरणच. बुडबुड्यांचा त्रास झालाच, तर कोरड्या दाबकक्षात, निजलेल्या रुग्णाला तो 18 मीटरच्या दाबालाही देतात, पण वीस मिनिटांनी पाच मिनिटं साधी हवा. मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात असे उपचार होतात. तारकर्लीला हौसेने बुडी मारणाऱ्यांना मात्र वीस मीटर खोल सहसा जावं लागत नाही.