गायरान आणि गोल्फची हिरवळ

हरळी हा विदर्भातल्या शेतकऱ्याचा जुना वैरी. कितीही खणून काढली तरी उरल्यासुरल्या कांडीतून ती पुन्हा फुटते. तीच हरळी आपण दूर्वा म्हणून गणपतीला वाहतो. उष्ण प्रदेशांतल्या गोल्फ मैदानांवर ‘बर्म्युडा’ नावाने मुद्दाम वाढवले जाणारे गवतही मुळात हेच. मात्र शेतात, देवघरात आणि कुंपणाआड त्याच्यावर हक्क कोणाचा, याची उत्तरे वेगवेगळी आहेत.

नागपूरच्या मिहानमध्ये हा प्रश्न अंगावर येतो. २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली आणि शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही अशा गावांच्या जमिनींवर या प्रकल्पाचा नकाशा उमटला. आज तिथे एम्स आहे, आयआयएम आहे, आयटी कंपन्या आहेत. त्यांच्यासोबत आल्या फाटकाच्या, पहारेकऱ्याच्या वसाहती.

गावालाही समाईक जमीन असते. जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार गुरांच्या मोफत चराईसाठी गायरान राखून ठेवता येते. गावच्या गुराला तिथे सभासदत्वाची पावती लागत नाही. बंद वसाहतीत ‘समाईक’ म्हणजे सदनिकाधारकांपुरते.

या राहणीचा कळस म्हणजे गोल्फ-वसाहत. अठरा होलच्या मैदानाला साधारण ५० हेक्टर जमीन लागते. घराची किंमत त्या हिरवळीच्या दर्शनाने वाढते. पण दर्शन म्हणजे हक्क नव्हे. महाराष्ट्रात २०१७पासून पूर्णपणे लागू असलेल्या रेरा कायद्यानुसार समाईक क्षेत्र रहिवाशांच्या संस्थेकडे जाते आणि मंजूर आराखडा बदलायला दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. मैदान मात्र पुष्कळदा समाईक क्षेत्रात धरलेलेच नसते. ते वेगळ्या मालकीचे असते आणि खेळायचे तर क्लबची वर्गणी वेगळी. अमेरिकेत २००६पासून नव्याने उघडलेल्या मैदानांपेक्षा बंद पडलेली मैदाने अधिक आहेत. अशा काही मैदानांवर पुढे घरे उभी राहिली आणि काठच्या रहिवाशांची हिरवळ गेली. म्हणून घर घेणाऱ्याने माहितीपत्रकातल्या चित्राआधी महारेराकडे नोंदलेला आराखडा आणि करारनामा वाचावा.

गंमत अशी, की हा खेळ वाढला तोच गावाच्या मोकळ्या जमिनीवर. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या समुद्रकाठच्या माळावर गोल्फ खेळण्याचा नगरवासीयांचा हक्क १५५२च्या सनदेत मान्य झाला. तिथल्या ‘ओल्ड कोर्स’वर आजही एरवी रविवारी खेळ बंद असतो, त्या दिवशी गावकरी पोराबाळांसह, कुत्री घेऊन हिरवळीवर फिरतात. जगातल्या सर्वांत नामांकित गोल्फ मैदानाला त्याने कमीपणा आलेला नाही.

मिहानच्या वसाहतींना कुंपणे राहणारच. सुरक्षिततेची गरज खोटी नाही. पण आतली बाग आठवड्यातून एक सकाळ शिवणगाव-खापरीच्या मुलांसाठी उघडायला कोणता कायदा आड येतो? संस्थेच्या सर्वसाधारण सभेतला एक ठराव त्याला पुरेसा आहे.