पाटी वेदनामुक्तीची, धंदा गोळ्यांचा

डॉक्टरच देतो ती गोळी व्यसन कशी लावील, असे आपल्याला वाटते. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने हा भ्रम महागात फेडला. ‘वेदनामुक्ती केंद्र’ अशी पाटी, नावापुरती तपासणी आणि अफूच्याच कुळातल्या ऑक्सिकोडोनच्या गोळ्यांची तिथल्या तिथे रोखीने विक्री! केंटकीसारख्या दूरच्या राज्यातूनही गाड्या भरून गिऱ्हाईक येई. अखेर २०११ मध्ये कायदा झाला आणि डॉक्टरांना आपल्या दवाखान्यातून अशा गोळ्या विकण्यास बंदी आली. २०१० ते २०१२ या काळात ऑक्सिकोडोनच्या अतिसेवनाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण निम्म्याने घटले.

पण दुकान बंद झाले म्हणून तलफ थोडीच जाते? व्यसन जडलेले कित्येक जण पुढे हेरॉइनकडे वळले. नुसती बंदी पुरत नाही, उपचारही हवेत.

आपल्याकडे दुसरे टोक दिसले. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील परवान्यांच्या जंजाळामुळे रुग्णालये मॉर्फिन ठेवायलाच कचरू लागली. कर्करोगाचे रुग्ण तळमळत राहिले. शेवटी २०१४ मध्ये कायदा सुधारावा लागला.

गोळ्यांचा बाजार मांडणाऱ्याला कायद्याने जरूर आवरावे. पण सुक्याबरोबर ओले जळणार नाही, हेही पाहावे.