विरळ हवा, पातळ रक्त

उंचावर हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण कमी असते, असे विद्यार्थी हमखास लिहितात. प्रमाण २१ टक्केच असते. कमी असतो तो हवेचा दाब. सुमारे ३,६५० मीटर उंचीवरील ल्हासा येथे तो समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश भरतो. साहजिकच प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी मिळतो. आपण तेथे राहिलो, तर काही आठवड्यांत रक्तातील तांबड्या पेशी वाढतात. उपाय खरा, पण महागडा! दाट रक्त ढकलताना हृदयावर ताण येतो. अँडीज पर्वतातील काही रहिवासी त्यानेच आजारी पडतात. तिबेटी लोकांचे रक्त मात्र त्या मानाने पातळ राहते, आणि रुंदावलेल्या रक्तवाहिन्यांतून ते भरपूर खेळते. पेशीवाढीला लगाम घालणारा त्यांच्यातील जनुकभेद २०१० साली सापडला. तो डेनिसोव्हन या नामशेष मानवांकडून आल्याचे २०१४ मध्ये दिसून आले.