मारिओ-कुन आणि बुधवार पेठेतला चिंटू

कॉमिक्सवेड्यांनो, जपानमध्ये 'सुपर मारिओ-कुन' ही मांगा १९९० पासून सुरू आहे. युकिओ सावादा ती 'कोरोकोरो कॉमिक' या मुलांच्या मासिकात काढतात. निन्टेंडोचा नवा मारिओ गेम आला की त्याच्यावर गोष्ट बेततात, पण गेममधला शूर मारिओ इथे पार वेंधळा! तोंडं वेडीवाकडी, विनोद पांचट, मुलं खूश. पुस्तकरूपात पन्नासहून जास्त भाग निघालेत.

आपल्याकडे गेमवरून निघालेलं असं काही माझ्या पाहण्यात नाही. पण नोव्हेंबर १९९१ मध्ये, म्हणजे साधारण त्याच काळात, पुण्यात बुधवार पेठेतल्या 'सकाळ' दैनिकात चिंटू अवतरला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही जोडनिर्मिती. मारिओला राजकन्या सोडवायची असते, चिंटूला फक्त गृहपाठ चुकवायचा असतो. शिवाय फोडायला शेजारच्या जोशी काकूंच्या काचा आहेतच! तीन-चार चौकटींत रोज हसवणं मला तरी मासिकातल्या लांब गोष्टीपेक्षा अवघड वाटतं. मारिओ गेममधून कागदावर आला, चिंटू कागदावरून २०१२ मध्ये सिनेमात गेला. दिग्दर्शक श्रीरंग गोडबोले. पुढच्याच वर्षी दुसरा भागही आला.

पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात पाठ्यपुस्तकं घ्यायला गेलात, तर चिंटूचे संग्रहही विचारा. पप्पू, मिनी की बगळ्या, तुमचं लाडकं पात्र कोणतं?