थंडीचे कपडे: घेताना आणि जपताना

धान चुरायचे दिवस आले की पहाटे पाचला आपण घराबाहेर. अंगावर काय, तर पदर आणि वरून एखादा जुना दुपट्टा. पोराला जाकीट झाले, घरधन्याला स्वेटर झाला, आपले मात्र 'चालते'. ब्रह्मपुरीत, गडचिरोलीत पारा १० अंशांच्या खाली जातो तेव्हा ते चालत नाही. त्यातून आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ. थंडी लागली की त्यांचे सांधे, हातपाय ठणकू लागतात, कधी दवाखान्यात भरती व्हावे लागते. अशा घरात गरम कपडा औषधाच्या बरोबरीने धरावा. गटातून अंतर्गत कर्ज मागायला लाजू नका. बियाण्याला मागतोच ना!

आता, कपडा स्वतः गरम नसतो. ऊब आपल्याच अंगाची असते, कपड्यात अडकलेली हवा ती धरून ठेवते. म्हणून एका जाड, घट्ट स्वेटरपेक्षा दोन पातळ, सैल कपडे बरे. आजी वाकळीत जुन्या लुगड्यांचे थर शिवत होती, तिला हे ठाऊकच होते.

हिवाळ्यात शहरात तिबेटी लोकांची स्वेटरची दुकाने लागतात. त्यांची एक वसाहत आपल्या शेजारीच, गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ, १९७२ पासून आहे. तिथून घ्या की आठवडी बाजारातून, आधी हात लावून पाहा. जाकीट मुठीत दाबून सोडा. फुगून वर आले तर भराव चांगला. चेपलेलेच राहिले तर ठेवून द्या. चेनच्या मागे कापडी पट्टी आणि मनगटाला रबर हवे, नाहीतर वारा तिथूनच शिरतो. स्वेटर उजेडात धरा. आरपार दिसले तर थंडीही आरपार. स्वस्त स्वेटर बहुतेक अॅक्रिलिकचे असतात. ते वाईट नाहीत, लवकर वाळतात.

पण शेकोटीला सांभाळा. अॅक्रिलिक आणि फायबरचे जाकीट ठिणगीने वितळते, कातडीला चिकटते. आगीजवळ बसायचे तर ते काढून सुती चादर घ्या, तीही नीट आवरून. लेकराला जाकीट घालून चुलीपुढे बसवू नका.

दुसरे, जंगलाच्या वाटेने जाताना डोके झाका, गळा झाका, कान मात्र मोकळे ठेवा. वाघ दिसण्याआधी चितळाची, वानराची हाक ऐकू येते.

सरपणाचा भारा उचलण्याआधी जाकीट काढून कमरेला बांधा, थांबलात की घाला. घामाने आतला कपडा ओला झाला की थंडी दुप्पट वाजते.

धुताना कोमट पाणी, थोडीच पावडर. मोगरी नको, पिळणे नको. स्वेटर दोरीवर टांगला तर लांबतो, खाटेवर पसरून वाळवा. जाकिटाचा भराव आतून ओला राहतो, त्याला दोन दिवस द्या आणि मधूनमधून झटका. उन्हाळ्यात ठेवायचे तर धुऊनच; घामट लोकरीला कसर लवकर लागते. सोबत वाळलेला कडुनिंबाचा पाला घाला. जाकीट मात्र पेटीत सगळ्यात वर ठेवा, वाकळींच्या ओझ्याखाली भराव कायमचा बसतो.