निकालानंतरचा मुद्देमाल

खटल्याचा निकाल लागला, आरोपीस शिक्षा झाली अथवा तो निर्दोष सुटला, म्हणजे लोकांचे कुतूहल न्यायालयाच्या पायऱ्या उतरून घरी जाते. परंतु निकालपत्राच्या अखेरच्या हुकुमात, शिक्षा व दंड यांच्या खालोखाल, मुद्देमालासंबंधी दोन-तीन ओळी असतात, आणि चोरीस गेलेले मंगळसूत्र, रक्ताने माखलेला सदरा, कोयता, दुचाकी यांचे भवितव्य त्या ओळींत ठरते.

भोईवाड्याच्या किंवा गिरगावच्या न्यायालयात रुजू होणारे एखादे पुडके पाहावे. खाकी कागद, सुतळी, गाठीवर लाखेची मोहोर, आणि गुन्हा रजिस्टर क्रमांक व पंचांच्या सह्या असलेली चिठ्ठी. खटला संपला तरी ते लगेच फुटत नाही. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 452 मध्ये होती तीच तरतूद 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 498 मध्ये आहे: वस्तू हक्कदाराच्या हवाली करावी, सरकारजमा करावी किंवा नष्ट करावी, मात्र जनावरे व नाशवंत जिन्नस वगळता, आणि हक्कदाराने जामीनखत लिहून दिले नसेल तर, हुकुमाची बजावणी दोन महिने, आणि अपील दाखल झाल्यास त्याचा निर्णय होईपर्यंत, तहकूब राहते.

ही सबुरी किती आवश्यक आहे हे मुंबईने पाहिले आहे. 2006 च्या लोकलगाड्यांतील बॉम्बस्फोटांच्या खटल्यात विशेष न्यायालयाने 2015 मध्ये बारा जणांना दोषी ठरवले. उच्च न्यायालयाने 21 जुलै 2025 रोजी त्या सर्वांची शिक्षा रद्द केली, तेव्हा जप्त वस्तू प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत योग्य ताब्यात व अभंग मोहरेखाली होत्या हे शाबीत झाले नाही, हे त्याच्या कारणांपैकी एक होते. एकोणीस वर्षांपूर्वीच्या लाखेवर अशा प्रकारे न्यायनिर्णय तोलला जातो.

‘मुद्देमाल मूल्यहीन असल्याने अपील मुदतीनंतर नष्ट करावा’, हे वाक्य आपल्या निकालपत्रांत इतके रुळले आहे की त्याचा विचार करण्यासाठी कोणी थांबत नाही. रक्ताच्या कपड्यांना बाजारात किंमत नाही हे खरे. पण इंग्लंडमध्ये अँड्र्यू मल्किन्सन या निरपराध माणसाने सतरा वर्षे कारावास भोगला, आणि पोलिसांनी कपडे राखले नसतानाही प्रयोगशाळेच्या संग्रहात उरलेल्या नमुन्यांच्या डीएनए तपासणीमुळे 2023 मध्ये तो दोषमुक्त झाला. गंभीर गुन्ह्यांतील जैविक नमुने निदान शिक्षा भोगून संपेपर्यंत जतन करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

याउलट दागिने, वाहने व रोकड अडकवून ठेवण्यात न्यायाचे काहीच साधत नाही. नोव्हेंबर 2016 मध्ये पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा मुद्देमालातल्या नोटांसाठी केंद्र सरकारला 2017 मध्ये स्वतंत्र नियम करावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने तर 2002 मध्येच, सुंदरभाई देसाई प्रकरणात, पंचनामा व छायाचित्रे करून असा माल लवकर परत द्यावा, तो पंधरा दिवस ते महिन्याभराहून अधिक ठाण्यात ठेवू नये, असे बजावले आहे. तरीही ठाण्यांच्या आवारात दुचाक्या गंजतच असतात, कारण पुष्कळदा मागायला कोणी येत नाही. आणि जाहीरनाम्यानंतर सहा महिन्यांत हक्क शाबीत न झालेली वस्तू सरकार विकू शकते.

म्हणून ज्यांची चीजवस्तू पोलिसांनी हस्तगत केली आहे, त्यांनी निकालाची वाट पाहत बसू नये; फिर्यादीची नक्कल व मालकीची पावती घेऊन संबंधित न्यायालयात अर्ज करावा.