विश्लेषण : वीज आली, संगणक सुरू झाला, पण संकेतस्थळ का उघडत नाही? रीबूटनंतर रुसलेल्या वेब सर्व्हरचा दोष कसा शोधायचा?

वळवाच्या पावसात मध्यरात्री वीज जाते. यूपीएस अर्धा तास तग धरतो आणि मग तोही मान टाकतो. पहाटे वीज येते, तालुक्याच्या एखाद्या महाविद्यालयातील सर्व्हर आपोआप सुरू होतो, दिवे लुकलुकतात, पंखा फिरू लागतो. सकाळी दहा वाजता मात्र फोन खणखणू लागतात. प्रवेश अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस असतो आणि संकेतस्थळ उघडत नसते. संगणक चालू असतो, वेब सर्व्हर बंद. कोणीतरी एक आदेश देतो, दोन सेकंदांत संकेतस्थळ सुरू होते आणि सगळे सुटकेचा नि:श्वास सोडतात. ‘हाताने सुरू होते, मग आपोआप का झाले नाही’ हा प्रश्न मात्र तसाच राहतो. पुढच्या वेळी वीज गेली की तो पुन्हा उभा ठाकतो. हा प्रसंग काल्पनिक असला, तरी असा बिघाड नेहमीचा आहे. त्याची कारणे मोजकी आहेत आणि ती क्रमाने तपासता येतात.

संगणक सुरू होणे आणि वेब सर्व्हर सुरू होणे वेगळे कसे?

वेब सर्व्हर हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. एक म्हणजे प्रत्यक्ष यंत्र आणि दुसरा म्हणजे त्यावर चालणारी आज्ञावली. अपाची आणि एन्जिनएक्स ही त्यातील सर्वाधिक प्रचलित नावे. अपाची १९९५ पासून वापरात आहे, तर रशियन अभियंता इगोर सिसोएव्ह यांनी तयार केलेला एन्जिनएक्स २००४ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. ही आज्ञावली चालू असेल आणि ८० किंवा ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर कान देऊन बसलेली असेल, तरच ब्राउझरला उत्तर मिळते.

लिनक्सवर आज्ञावल्या सुरू करण्याचे काम बहुतेक ठिकाणी सिस्टिमडी करते. लेनार्ट पोएटरिंग आणि के सीव्हर्स यांनी २०१० मध्ये ती मांडली. २०१५ पर्यंत फेडोरा, रेड हॅट, डेबियन आणि उबुंटू या प्रमुख लिनक्स प्रणालींनी ती स्वीकारली होती. जुन्या पद्धतीत सेवा साधारणपणे ठरलेल्या क्रमाने, एकामागून एक सुरू होत. सिस्टिमडी शक्य तितक्या सेवा एकाच वेळी सुरू करते. त्यामुळे संगणक लवकर तयार होतो, पण एक नवी अडचणही येते. ज्या गोष्टीवर वेब सर्व्हर अवलंबून आहे ती तयार होण्याआधीच त्याची पाळी येऊ शकते.

रीबूटनंतरच दोष का उघड होतो?

सर्व्हर महिनोन्‌महिने चालू असतो. त्या काळात कोणी संरचनेच्या फायलीत एक ओळ बदलतो, कोणी जुने प्रमाणपत्र पुसतो, कोणी नवी आज्ञावली बसवतो. चालू असलेला वेब सर्व्हर जुनी संरचना स्मरणात धरून काम करत राहतो, चूक लपून राहते. रीबूट झाला की सगळे नव्याने वाचले जाते आणि तीन महिन्यांपूर्वीची चूक आज अंगावर येते. म्हणून ‘काल तर काहीच बदलले नाही’ हे वाक्य खरे असले, तरी निदानात त्याचा उपयोग होत नाही. काल काय बदलले यापेक्षा मागच्या रीबूटपासून काय काय बदलले, हे विचारावे लागते.

सुरुवात कुठून करावी?

घाईने पुन्हा रीबूट करण्यापूर्वी सेवेची स्थिती विचारावी. ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस एन्जिनएक्स’ या आदेशाचे उत्तर साधारण दोन प्रकारचे असते. ‘इनॅक्टिव्ह’ असे दिसले, तर बहुधा सेवा सुरू करण्याचा प्रयत्नच झालेला नाही. ‘फेल्ड’ असे दिसले, तर प्रयत्न झाला आणि फसला. दोन्हींचे उपचार पूर्ण वेगळे आहेत. हा फरक न पाहता उपाय शोधणे म्हणजे ताप न मोजता गोळ्या देणे.

प्रयत्न फसला असेल तर त्याचे कारण नोंदवहीत सापडते. ‘जर्नलसीटीएल -यू एन्जिनएक्स -बी’ हा आदेश चालू बूटमधील त्या सेवेच्या नोंदी दाखवतो. हाताने सेवा सुरू केल्यावरही आधीच्या अपयशाची नोंद तिथे राहते, म्हणून घाईत संकेतस्थळ सुरू केले तरी नंतर शोध घेता येतो. मात्र काही यंत्रांवर ही नोंदवही केवळ स्मरणात ठेवलेली असते आणि पुढच्या रीबूटला पुसली जाते. ‘व्हार’मधील ‘लॉग’ या फोल्डरात ‘जर्नल’ नावाचे फोल्डर असेल, तर सिस्टिमडीच्या मूळ मांडणीत नोंदी डिस्कवर टिकतात.

प्रयत्नच झाला नसेल तर?

सर्वांत साधे आणि सर्वाधिक आढळणारे कारण हेच. ‘स्टार्ट’ आणि ‘एनेबल’ हे दोन वेगळे आदेश आहेत. पहिला सेवा आत्ता सुरू करतो, दुसरा ती प्रत्येक बूटला सुरू व्हावी अशी नोंद करतो. डेबियन आणि उबुंटूवर वेब सर्व्हर बसवला की दोन्ही गोष्टी सहसा आपोआप होतात. रेड हॅटच्या घराण्यातील प्रणालींवर तसे होत नाही, तिथे ‘एनेबल’ स्वत: करावे लागते. एका प्रणालीवर शिकलेला माणूस दुसरीवर गेला की इथेच फसतो. ‘सिस्टिमसीटीएल इज-एनेबल्ड एन्जिनएक्स’ असे विचारल्यावर ‘डिसेबल्ड’ उत्तर आले, तर शोध इथेच संपतो. ‘मास्क्ड’ असे उत्तर आले, तर कोणीतरी सेवेला जाणीवपूर्वक कुलूप लावले आहे. ते काढण्याआधी कारण विचारलेले बरे.

प्रयत्न फसला असेल तर कोणती कारणे?

संरचनेतील चूक : एखादा अर्धविराम राहिला किंवा उल्लेख केलेली प्रमाणपत्राची फाइल जागेवर नसली, तर वेब सर्व्हर सुरूच होत नाही. एन्जिनएक्ससाठी ‘एन्जिनएक्स -टी’ आणि अपाचीसाठी ‘अपाचीसीटीएल कॉन्फिगटेस्ट’ हे आदेश चुकीची फाइल आणि बहुतेक वेळा ओळ क्रमांकासह दाखवतात.

पोर्ट आधीच व्यापलेला : नोंदीत त्रुटी क्रमांक ९८ दिसला, तर पत्ता आधीच वापरात आहे. बहुतेकदा एकाच यंत्रावर अपाची आणि एन्जिनएक्स दोन्ही बसवलेले असतात आणि दोघांनाही ८० क्रमांकाचा पोर्ट हवा असतो. बूटच्या वेळी जो आधी पोहोचतो तो जागा पटकावतो. त्यामुळे कधी संकेतस्थळ येते, कधी येत नाही. ‘एसएस -एलटीएनपी’ हा आदेश प्रशासकाच्या अधिकाराने दिला, तर जागा कोणी अडवली ते कळते. नको असलेली सेवा ‘डिसेबल’ करणे हा उपाय.

पत्ताच अजून मिळालेला नाही : त्रुटी क्रमांक ९९ चा अर्थ वेगळा. संरचनेत विशिष्ट आयपी पत्ता लिहिलेला असतो, पण त्या क्षणी यंत्राला तो पत्ता मिळालेला नसतो. काही सेकंदांनी मिळतो, म्हणून हाताने आदेश दिला की सगळे सुरळीत चालते.

नावाचा पत्ता न सापडणे : एन्जिनएक्स मागच्या बाजूच्या दुसऱ्या सर्व्हरकडे विनंत्या पाठवत असेल आणि त्याचे नाव संरचनेत थेट लिहिलेले असेल, तर सुरू होतानाच त्या नावाचा आयपी पत्ता शोधला जातो. नेटवर्क तयार नसेल, तर ‘होस्ट नॉट फाउंड इन अपस्ट्रीम’ अशी नोंद करून तो बंद पडतो.

हरवलेले फोल्डर : लिनक्समधील ‘रन’ हे फोल्डर स्मरणात असते आणि प्रत्येक बूटला कोरे होते. कोणी त्यात हाताने फोल्डर तयार करून काम भागवले असेल, तर रीबूटनंतर ते नाहीसे होते. सेवेच्या फायलीत ‘रनटाइमडिरेक्टरी’ ही ओळ लिहिली, तर सिस्टिमडी ते दर वेळी तयार करून देते.

सांकेतिक शब्दाची वाट : प्रमाणपत्राच्या खासगी किल्लीला पासवर्ड असेल, तर हाताने सुरू करताना माणूस तो टाइप करतो. पहाटे साडेचार वाजता तो कोण टाइप करणार?

परवानगी : रेड हॅटच्या घराण्यात एसई-लिनक्सचा पहारा असतो. प्रशासकाने थेट आज्ञावली चालवली तर तिला मोकळीक मिळते, सिस्टिमडीमार्फत चालवली तर कडक नियम लागू होतात. म्हणून चाचणी नेहमी ‘सिस्टिमसीटीएल स्टार्ट’ने करावी. थेट चालवून पाहिले आणि चालले, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

नेटवर्कची वाट पाहायला सांगितले की प्रश्न सुटतो का?

बराचसा, पण पूर्ण नाही. सिस्टिमडीत ‘नेटवर्क टार्गेट’ आणि ‘नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट’ अशा दोन खुणा आहेत. पहिलीचा अर्थ एवढाच, की नेटवर्क सांभाळणारी यंत्रणा कामाला लागली आहे. पत्ता मिळाला असे ती म्हणत नाही. दुसरी खूण जोडणी तयार होईपर्यंत थांबते. सेवेच्या फायलीत ‘आफ्टर’ आणि ‘वाँट्स’ या दोन्ही ओळींत ‘नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट’ लिहावे लागते. ‘आफ्टर’ केवळ क्रम ठरवते, तर ‘वाँट्स’ ती गोष्ट मागवते. एकच ओळ लिहून अनेक जण चकतात. मूळ फाइल बदलण्याऐवजी ‘सिस्टिमसीटीएल एडिट’ने स्वतंत्र पुरवणी जोडावी, म्हणजे पुढच्या अद्ययावतीकरणात बदल पुसला जात नाही.

आता सुरुवातीच्या महाविद्यालयाकडे वळू. समजा, तिथे दिवाळीच्या सुट्टीत चाचणी म्हणून सर्व्हर रीबूट केला होता आणि संकेतस्थळ व्यवस्थित परतले होते. मग वीज गेल्यावर का नाही? कारण चाचणीच्या वेळी फक्त सर्व्हर बंद-चालू झाला, नेटवर्क स्विच आणि राउटर चालूच होते. पत्ता ताबडतोब मिळाला. वीज गेल्यावर मात्र सगळेच एकदम उठले. सर्व्हर लवकर तयार झाला, राउटरला वेळ लागला. ठरलेला पत्ता यंत्राला मिळालाच नव्हता, तेव्हा एन्जिनएक्सने ९९ क्रमांकाची त्रुटी नोंदवून माघार घेतली.

अशा वेळी ‘नेटवर्क-ऑनलाइन’ची वाटही अमर्याद पाहिली जात नाही. ठरावीक मुदत संपली की सिस्टिमडी पुढे जाते. राउटर त्याहून संथ असेल तर पुन्हा तेच. म्हणून अधिक भक्कम उपाय म्हणजे विशिष्ट पत्त्याऐवजी यंत्राच्या सर्व पत्त्यांवर ऐकण्याची सूचना देणे. मग पत्ता उशिरा आला तरी बिघडत नाही. अर्थात, जे जाळे बाहेरच्यांसाठी खुले नसावे त्याला फायरवॉलने आडोसा द्यावा लागतो.

पुन्हा पुन्हा प्रयत्न करायला सांगता येत नाही का?

येते. सेवेच्या फायलीत ‘रिस्टार्ट’ ही ओळ लिहून अपयशानंतर पुन्हा प्रयत्न करण्याची सूचना देता येते. पण यात एक मेख आहे. मूळ मांडणीत सिस्टिमडी दोन प्रयत्नांमध्ये केवळ १०० मिलिसेकंद थांबते आणि १० सेकंदांत ५ प्रयत्न झाले की नाद सोडते. म्हणजे राउटर जागा होण्याच्या कितीतरी आधी पाचही संधी संपतात. ‘रिस्टार्टसेक’ या ओळीत १० सेकंदांचे अंतर लिहिले, तर ही मर्यादा ओलांडलीच जात नाही आणि पत्ता मिळेपर्यंत प्रयत्न सुरू राहतात. संरचनेतच चूक असेल, तर मात्र हजार प्रयत्नांनीही काही होणार नाही.

यंत्रात शिरताच येत नसेल तर?

तेव्हा दोष बहुधा वेब सर्व्हरच्या आधीच्या पायरीवर असतो. ‘एफएसटॅब’ या फायलीत नोंदवलेली एखादी डिस्क सापडली नाही, तर सिस्टिमडी मूळ मांडणीत ९० सेकंद वाट पाहते आणि मग आपत्कालीन अवस्थेत थांबते. दूरवरून आत शिरण्याची सोयही तोवर सुरू झालेली नसते. कीबोर्ड जोडावा लागतो किंवा क्लाउड कंपनीचा कन्सोल उघडावा लागतो. जी डिस्क नसली तरी यंत्र चालू शकते, तिच्या नोंदीत ‘नोफेल’ हा शब्द लिहिणे हा प्रतिबंध. बूटच अडकला की काय होते, हे जगाने जुलै २०२४ मध्ये पाहिले. क्राउडस्ट्राइकच्या सदोष अद्ययावतीकरणामुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे कोलमडली आणि अनेक ठिकाणी माणसाला प्रत्येक यंत्रापाशी जावे लागले.

दुरुस्ती झाली हे केव्हा समजावे?

हाताने सुरू केलेली सेवा ही दुरुस्ती नव्हे. संरचना बदलल्यानंतर तिची चाचणी घ्यावी, सेवा ‘एनेबल’ आहे याची खात्री करावी आणि मग गर्दी नसलेल्या वेळी यंत्र खरोखर रीबूट करून पाहावे. कोणाचाही हात न लागता संकेतस्थळ दुसऱ्या जोडणीवरून, म्हणजे मोबाइलच्या इंटरनेटवरून उघडले, तरच काम झाले असे म्हणता येते. वीज जाणाऱ्या गावात तर एकदा स्विच आणि राउटरसह सगळेच बंद करून सुरू करायला हवे. ही पंधरा मिनिटांची चाचणी पावसाळ्यापूर्वीच्या एखाद्या रविवारी उरकली, तर अर्जाच्या शेवटच्या दिवशी विद्यार्थ्यांना सायबर कॅफेच्या दारात ताटकळावे लागणार नाही.